उत्पन्नाचा एकच आकडा

ज्या वर्षी वडिलांची नोकरी गेली, त्या वर्षी आमच्या कुटुंबाचे उत्पन्न आजवरचे सर्वांत जास्त होते. हे विनोदासाठी लिहिलेले नाही. तसा गोल शिक्क्याचा सरकारी दाखला होता आणि त्याच्या साक्षांकित प्रतीही आम्ही करून घेतल्या होत्या.

नोकरी 'गेली' असे म्हणायला घरात बंदी होती. वडील पिंपरीच्या बाजूच्या एका कारखान्यात टूलरूमचे, म्हणजे साचे आणि डाय बनवणाऱ्या विभागाचे, सुपरवायझर होते. कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला. टूलरूमचे काम बाहेरून करून घेतले तर स्वस्त पडते, असा शोध भागीदाराला लागला आणि पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. स्वेच्छा कोणाची, हे योजनेत स्पष्ट केलेले नव्हते. वडिलांना एकरकमी पैसे, शाल, श्रीफळ आणि कंपनीचे चिन्ह असलेली ब्रीफकेस मिळाली. ज्या दिवसापासून ब्रीफकेस घेऊन जायला ठिकाण उरले नाही, त्याच दिवशी ती हातात यावी, हे कोणाला खटकले नाही.

त्या पैशांतला मोठा हिस्सा कर्वेनगरच्या फ्लॅटचे कर्ज फेडण्यात गेला. उरलेले बँकेत ठेव म्हणून ठेवले आणि त्यावरच्या व्याजावर घर चालू लागले. ठेवींचे व्याजदर त्या काळात दर काही महिन्यांनी खाली येत. मी एका दैनिकात शिकाऊ उपसंपादक होतो. व्याजदर उतरले की अर्थपानावर ती चांगली बातमी म्हणून लागे: गृहकर्ज स्वस्त, उद्योगांत उत्साह. आमच्या स्वयंपाकघरात त्याच बातमीचा अर्थ तेलाचा डबा पुढच्या महिन्यावर, असा होई. उत्साह कोणाचा, हे शीर्षकात लिहायला जागा नसते.

आमच्या सोसायटीतही उत्साह होता. हिंजवडीकडे जाणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बस कोपऱ्यावर थांबू लागल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले तिथे उभी राहत आणि घरी परतल्यावरही ओळखपत्र काढत नसत. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचा मुलगा त्यांच्यातलाच. त्याची आई जिन्यात कोणालाही थांबवून मुलाचा पगार सांगे. वर्षाचा सांगे, महिन्याचा नव्हे. वर्षाचा पगार सांगण्याची पद्धत पुण्यात तेव्हाच आली. त्याआधी लोक पगार सांगतच नसत.

अशा इमारतीत वडील सकाळी दहा वाजता घरी दिसू लागले, तेव्हा खुलासा करणे भाग होते. तो आईने केला. "यांनी स्वतःहून घेतली हो निवृत्ती. कंपनी सोडत नव्हती. आता कन्सल्टन्सी करतात."

कन्सल्टन्सी म्हणजे आठवड्यातून एखाद-दोनदा भोसरीला एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाणे, डाय कुठे चुकली आहे ते सांगणे आणि चहा पिऊन परत येणे. मित्राकडून पैसे कसे घ्यायचे, हा वडिलांचा प्रश्न होता. मित्रालाही तो पटलेला होता.

हा खुलासा आईने उगीच केलेला नव्हता. घरात ताईच्या लग्नाचे बघायचे चालले होते. ताई एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत काम करायची, लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरायची. वधूवर मंडळाच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय, वडिलांचे वार्षिक उत्पन्न, स्वतःचे घर, शेती असे रकाने होते. आई सांगत होती आणि ताई भरत होती. व्यवसाय: अभियांत्रिकी सल्लागार. शेती: आहे. ती शेती म्हणजे गावाकडे चुलत्यांच्या गोतावळ्यात असलेला एक हिस्सा. त्यातून कधीमधी ज्वारीचे पोते येई आणि ते आणायला ज्वारीच्या किमतीपेक्षा जास्त भाडे लागे. मग उत्पन्नाचा रकाना आला. आईने आकडा सांगितला आणि ताईने पेन कागदावरून उचलले.

"आई, हे जरा जास्त होतंय."

"लिही तू. वाचणारे निम्मंच धरतात."

यावर ताईने वाद घातला नाही. तिच्या कचेरीत रोज याच्या उलट आकडे यायचे आणि तिथले वाचणारे दुप्पट धरायचे.

त्याच अर्जात शेवटी संदर्भाचा रकाना होता. कुटुंबाला ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या प्रतिष्ठित व्यक्तीचे नाव द्यायचे. मुलाकडचे लोक त्या व्यक्तीला फोन करून घराची माहिती काढतात, ही रीत आहे. आमच्या इमारतीत अशी व्यक्ती एकच होती: तळमजल्यावरचे सेक्रेटरी काका. ते एका बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरी जाऊन, हा माणूस कर्ज फेडील का, यावर अहवाल लिहिले होते. निवृत्तीनंतर ती नजर सोसायटीकडे वळली. त्यांनी कोणाबद्दल चांगले सांगितले तर समोरचा विश्वास ठेवत असे, कारण ते चांगले फारसे सांगत नसत. इमारतीतल्या सगळ्या लग्नाळू मुलामुलींच्या अर्जांवर त्यांचाच फोन क्रमांक होता. आईने त्यांना आमचा आकडा कळवून ठेवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि "ठीक" म्हणाले. कर्जविभागात 'ठीक' म्हणजे मंजूर नव्हे, हे आम्हाला पुढे कळले.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा बारावीचा निकाल लागला. हडपसरच्या पलीकडे नव्याने निघालेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. शैक्षणिक कर्जासाठी बँकेला नोकरीवाला जामीनदार हवा होता. वडील निवृत्त, मी शिकाऊ, आणि ताईचा पगार जामिनाला पुरेल एवढा नव्हता. ठेव मोडली असती तर फी भरता आली असती, पण मग महिन्याचे व्याज बंद झाले असते आणि जेवायचे कशावर, हा प्रश्न उरला असता. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची एक योजना मात्र होती: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर चारही वर्षे निम्मी फी माफ. निम्मी फी आम्हाला जमली असती. महिन्याच्या अखेरपर्यंत सवलत मंजूर झाली नाही, तर पूर्ण फी भरायची किंवा जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला सोडायची.

मर्यादेचा आकडा मी इथे देत नाही. तो बदलत राहतो आणि दर वेळी वाचणाऱ्याला आपण थोडक्यात हुकलो, असेच वाटते.

सवलतीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला हवा. मी आणि वडील दाखले देणाऱ्या कचेरीत गेलो. येताना मंडईतून भाजी घेऊन या, असे आईने सांगितले होते, म्हणून वडिलांच्या हातात पिशवी होती. खिडकीपलीकडच्या कारकुनाने वडिलांच्या वर्षभराच्या पगाराचा फॉर्म सोळा पाहिला, मग वडिलांकडे पाहिले, मग पिशवीकडे.

"उत्पन्न भरपूर दिसतंय की."

"ते स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आहेत," वडील म्हणाले. "एकदाच मिळाले."

"साहेब, एकदा मिळाले म्हणजे मिळालेच ना? दाखला गेल्या आर्थिक वर्षाचा असतो. सर्व मार्गांनी मिळालेलं उत्पन्न."

"पण आता नोकरीच नाही."

"मग पुढच्या वर्षी या," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट धीर होता. "पुढच्या वर्षी तुम्ही बसता मर्यादेत. अगदी आरामात बसता."

माझ्याकडे वळून त्याने विचारले, "तुम्ही कमावता का?" मी दैनिकाचे नाव आणि मिळणारे विद्यावेतन सांगितले. त्याने पेन खाली ठेवले. "ते नका सांगू. ते धरण्यासारखं नाही."

नियमानुसार त्याचे काही चुकले नव्हते. मी नंतर नियम वाचले. कुटुंबाजवळ काय आहे, असे नियम विचारतच नाहीत. ठरावीक बारा महिन्यांत काय आले, एवढेच विचारतात. पगार थांबावा म्हणून दिलेले पैसे त्या बारा महिन्यांत आले होते, त्यामुळे नियमांच्या दृष्टीने वडिलांना भरघोस पगारवाढ झाली होती.

दाखला घेऊन आम्ही घरी आलो. धाकटीने तो वाचला.

"म्हणजे मी गरीब कधी होणार? महिनाअखेरीच्या आत झालं तर बरं."

"वाटेल ते बोलू नकोस," आई म्हणाली. 'गरीब' या शब्दाला तर जास्तच कडक बंदी होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि वडील तो दाखला घेऊनच कॉलेजात गेलो. सवलतीच्या खिडकीपुढे रांग होती. आमच्या पुढे पांढरे स्वच्छ कपडे घातलेले, माझ्या वडिलांच्याच वयाचे एक गृहस्थ होते. मांजरी गावचे होते. त्यांचा मुलगा बाहेर नव्या मोटारसायकलवर बसला होता आणि इंजिन चालूच ठेवून होता. गृहस्थ मोकळ्या स्वभावाचे होते. वडिलांच्या हातातला दाखला त्यांनी विचारून, हातात घेऊन वाचला आणि त्यांना मनापासून वाईट वाटले.

"आरं बाबा, तुमी लय दावलंय की."

"दाखवलं नाही. आहे ते लिहिलंय."

"आमचं बघा." त्यांनी आपला दाखला पुढे केला. त्यावरचा आकडा वाचून माझ्या शिकाऊ मनालाही सुखावल्यासारखे झाले. मी त्यांच्यापेक्षा जास्त मिळवत होतो. "ऊस हाय थोडा. त्याचं काय येतंय? धरलं तर हाय, न्हाई तर न्हाई."

"आणि ती इमारतींची स्कीम चालू आहे तुमच्याकडे, तिथं?" वडिलांनी विचारले. त्या बाजूला शेतांत फ्लॅट उगवत होते, हे वर्तमानपत्र न वाचणाऱ्यालाही दिसत होते.

"दिली ना जमीन बिल्डरला. दोन एकर. पर त्याला उत्पन्न न्हाई म्हनत. ती मालमत्ता हाय. इकली, संपलं."

ते खिडकीशी गेले. त्यांचा अर्ज घेतला गेला. जाताना त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, "काळजी करू नगा. तुमचंबी हुईल."

परतीच्या बसमध्ये वडिलांनी दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "जमीन विकली तर ती मालमत्ता. नोकरी विकली तर ते उत्पन्न." पुढचा थांबा येईपर्यंत त्यांनी यात काही चूक सापडते का ते पाहिले. सापडली नाही.

खिडकीवरच्या बाईंनी मात्र आम्हाला परत पाठवले नव्हते. "परिस्थितीत बदल" असा एक वेगळा अर्ज त्यांनी दिला. समितीचे एक प्राध्यापक घरी येऊन परिस्थिती पाहतील आणि एका प्रतिष्ठित शेजाऱ्याशी बोलतील. त्यांना खात्री पटली, तर चालू वर्षाचे उत्पन्न धरून सवलत देता येईल. प्रतिष्ठित शेजारी म्हणून वडिलांनी सेक्रेटरी काकांचे नाव लिहिले. दुसरे कोणाचे लिहिणार?

प्राध्यापक शनिवारी येणार, असे ठरले. रविवारी ताईला बघायला लोक येणार होते. मुलगा सॉफ्टवेअरमधला, एकुलता, पत्रिका जुळलेली. मुलाच्या वडिलांनी काकांना फोनही केला होता आणि काकांनी त्यांना आईने कळवलेला आकडा, "असं ते सांगतात" एवढी जोड देऊन, सांगितला होता.

त्यामुळे शनिवारी सकाळी आमचे घर रविवारसाठी तयार होते. नवे पडदे लागले होते. वरच्या मजल्यावरून गालिचा आणि काचेचे शोपीस आणले होते. काकांच्या घरून बोन चायनाच्या कपबशा आल्या होत्या. धाकटीने विचारले, "हे सगळं प्राध्यापक जाईपर्यंत आत ठेवायचं का?"

"आणि बाहेरच्या माणसाला काय उघडी फरशी दाखवायची?" आई म्हणाली.

"त्यांना तेच बघायचंय, आई."

"बघू देत. पण आपल्या घरी आलेला माणूस आहे."

हे एका वाक्यात सांगायचे तर असे: सवलत हवी होती, पण ती हवी असल्याचे दिसायला नको होते. आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत हीच अट असे. गरज असावी, पण ती समोरच्याने आपणहून ओळखावी, आणि ओळखल्याचे त्याने दाखवू नये.

प्राध्यापक गणिताचे होते, तरुण, बुजरे. त्यांच्याजवळ छापील प्रश्नावली होती. ते गालिच्याच्या कडेकडेने चालत खुर्चीपर्यंत गेले. फ्रिज, टीव्ही, टेलिफोन, दुचाकी असे त्यांनी विचारले आणि खुणा केल्या. मग खाली पाहून गालिचाही लिहून घेतला असावा. आई आतून बघत होती. गालिचा आमचा नाही, हे सांगायला तिला बाहेर येऊन एक वाक्य बोलायचे होते. ती आली आणि म्हणाली, "पोहे घेणार ना?"

पोहे ताईनेच आणले. रविवारची तालीम म्हणून आठवडाभर तिच्याकडून तेच करून घेतले जात होते, त्यामुळे ट्रे हातात आला की डोक्यावर ओढणी नसली तरी मान खाली जाई. तिने प्राध्यापकांपुढे ट्रे धरला, नमस्कार केला आणि समोर बसली. प्राध्यापकांचा रंग बदलला.

"मी... कॉलेजकडून आलोय," ते म्हणाले.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "सवय झालीय." आणि उठून आत गेली.

मग मुख्य प्रश्न आला. प्राध्यापकांनी तो प्रश्नावलीतून वाचला, तोंडाने विचारायला त्यांना संकोच वाटत होता. "कुटुंबाला सध्या काही आर्थिक अडचण आहे का?"

'आहे' हा एक शब्द सांगण्यासाठी वडिलांनी दोन कचेऱ्यांच्या फेऱ्या मारल्या होत्या, अर्ज केला होता. प्राध्यापकांनी पेन टेकवून ठेवले होते.

"छे," वडील म्हणाले. "तशी काही नाही. चाललंय व्यवस्थित."

मी वडिलांकडे पाहिले. त्यांनाही आपण काय बोललो ते कळले होते, पण आता शब्द परत घेतला तर पाहुण्यासमोर खोटे पडल्यासारखे झाले असते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. मी सांगायचा प्रयत्न केला की व्याजावर घर चालते, व्याजदर उतरत आहेत. माझे ते वाक्य अर्थपानावरच्या बातमीसारखे झाले आणि प्राध्यापकांनी ते त्याच चेहऱ्याने ऐकले. नारळाची वडी आली. आईने आग्रह केला, "घ्या हो अजून. आमच्याकडे काही कमी नाही." हे त्यांनी लिहून घेतले की नाही ते कळले नाही. ते म्हणाले, शेजाऱ्यांशी आजच फोनवर बोलतो. सोमवारी समितीची बैठक होती आणि समिती महिनाअखेरीपूर्वी पुन्हा बसणार नव्हती.

ते गेल्यावर धाकटीने उरलेली वडी खाल्ली आणि म्हणाली, "उत्तम. पुढच्या वर्षी मी गरीब असेन आणि कॉलेजात नसेन." कोणी तिला गप्प केले नाही.

संध्याकाळी सेक्रेटरी काका वर आले. गालिच्याकडे त्यांनी पाहिले आणि तो कोणाचा आहे, हे त्यांना माहीत असल्याचे चेहऱ्यावरून कळले. ते उभेच राहिले.

"वहिनी, मला कॉलेजातून फोन आला होता. अर्ध्या तासात परत करतो म्हणून सांगितलंय. परवा मुलाच्या वडिलांचा आला होता. त्यांना मी तुम्ही दिलेला आकडा दिला. आता या प्राध्यापकांना कोणता देऊ?"

"अहो भाऊजी, ते वेगळं, हे वेगळं," आई म्हणाली. "त्यांना तो, यांना हा. कोण कोणाला विचारायला जातंय?"

"मीच मला विचारतो," काका म्हणाले. "मला रात्री झोप लागायला हवी. मला एक आकडा द्या. मोठा द्या, लहान द्या, माझी काही हरकत नाही. पण एकच द्या."

"लग्नाच्या गोष्टीत थोडं इकडचं तिकडे चालतंच की."

"तुमच्यात चालत असेल. तुमचं नुसतं बोलणं असतं, शब्द माझा जातो. माझ्या नावावर बोलू नका. आणि लहान आकडा द्यायचा झाला, तर मुलाच्या वडिलांना दिलेला मी आधी दुरुस्त करणार. दुरुस्ती न करता नवा आकडा मी कधी दिलेला नाही."

म्हणजे हिशेब सरळ होता. मोठा आकडा राहिला तर उद्या पाहुणे येणार आणि सोमवारी धाकटीची सवलत जाणार. लहान दिला तर धाकटीला सवलत मिळण्याची शक्यता, आणि ताईचे स्थळ मुलाच्या वडिलांच्या मर्जीवर. आईने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी जमिनीकडे, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या गालिच्याकडे. एका मुलीसाठी दुसरीचे नुकसान करायचे, हे त्यांच्याकडून होत नव्हते, आणि दोघींचेही साधेल असा आकडा नव्हता.

"काका, बसा," ताई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "खरा आकडा लिहून घ्या."

"तू मध्ये पडू नकोस," आई म्हणाली.

"माझंच लग्न आहे ना? मग मीच पडते. आणि आकडे लिहायचं मला कचेरीत पैसे देतात, इथे फुकट चाललंय." ती वडिलांकडे वळली. "बाबा, व्याज महिन्याला किती येतं?"

वडील गालिच्याची कड पायाने सरळ करू लागले.

"बाबा, त्यांनी अर्धा तास सांगितलाय."

वडिलांनी आकडा सांगितला. आम्ही तिन्ही मुलांनी तो पहिल्यांदाच ऐकला. घरात पैसे कमी आहेत, हे माहीत होते; किती कमी, हे वडिलांनी एवढे महिने एकट्याने धरून ठेवले होते. आई उठून आत गेली आणि नळ सोडून भांडी घासू लागली. ती घासलेलीच होती.

काका आता बसले. जुन्या सवयीने त्यांनी विचारायला सुरुवात केली. कन्सल्टन्सीचे काय मिळते? चहा, वडील म्हणाले. शेती? ज्वारी, आम्ही म्हणालो. काकांनी दोन्ही रकान्यांत शून्य लिहिले आणि ताईने सांगितलेला तिचा पगार त्याखाली. मग त्यांनी कागद वडिलांपुढे धरला आणि जरा हळू आवाजात विचारले, "आणि अडचण आहे का, असं विचारलं तर काय सांगू?"

वडिलांनी कागद नीट वाचला, एखाद्या ड्रॉइंगवर चूक शोधावी तसा. "आहे म्हणा," ते म्हणाले.

काकांनी दोन्ही फोन खाली जाऊन केले. ते काय बोलले, हे आम्हाला कळले नाही. रविवारी सकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली होती आणि आता एकच नाडी निघत होती. आधीच्या गुरुजींना ती दिसली नव्हती. एका रात्रीत नाडी बदलते, हे वैद्यकशास्त्राला अजून माहीत नाही. आईने "बरं, बरं, योग नसतो एकेकदा" म्हणून फोन ठेवला.

ताई सगळ्यांसाठी पोहे टाकत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "त्यांनी मुलाचा पगार लिहिला होता, तोही मी निम्माच धरला होता." हे ती खरेच म्हणत होती की आईसाठी म्हणत होती, हे मला तेव्हाही ठरवता आले नाही. दुपारी ती गच्चीवर बराच वेळ कपडे वाळत घालत होती. कपडे फार नव्हते.

सोमवारी समितीने सवलत मंजूर केली. पत्र चार ओळींचे होते. प्राध्यापकांनी अहवालात काय लिहिले, ते आम्हाला दाखवले नाही. पण सवलत दर वर्षी नव्या दाखल्यावर पुढे चालू राहील, असे शेवटच्या ओळीत होते. म्हणजे चार वर्षे वडिलांना दर उन्हाळ्यात जाऊन, आपले अजून काही बरे झालेले नाही, हे सिद्ध करायचे होते. निम्मी फी भरली गेली. धाकटीला ओळखपत्र मिळाले आणि तिनेही ते घरी आल्यावर गळ्यातून काढले नाही.

त्या संध्याकाळी आईने पेढे आणले. सोसायटीत वाटताना तिने 'सवलत' हा शब्द वापरला नाही. "धाकटीला स्कॉलरशिप मिळाली," ती दारोदार सांगत होती. लोक अभिनंदन करत होते. तळमजल्यावर काकांनी पेढा घेतला, डोळे मिटून खाल्ला आणि एका शब्दानेही दुरुस्ती केली नाही. आकडा सांगितलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या तत्त्वात बसत असावे.

वरच्या मजल्यावर मी आईबरोबर गेलो, कारण गालिचा परत करायचा होता. गळ्यात ओळखपत्र असलेल्या मुलाची आई दारात उभी होती. त्याच्या कंपनीतून काही मुलांना काढल्याच्या बातम्या त्या आठवड्यात येत होत्या. तिने पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही.

"अगं वा! किती टक्क्यांना देतात हो ही स्कॉलरशिप?"

आईने पेढ्यांचा पुडा मागे घेतला. मग म्हणाली, "टक्क्यांवर नसते. घरी येऊन बघतात आणि देतात."

"असं? आमच्याकडे नाही बाई आलं कोणी बघायला."

"येऊ नये," आई म्हणाली. तिने पेढ्यांचा पुडा पुन्हा पुढे केला. "मुलासाठीही घ्या एक. आज दिवसभर घरीच दिसतोय तो."